जुन्या ॲम्प्लिफायरमधील आणि स्पीकरमधील कपॅसिटर बदलून आवाजाची जुळवणी करता येते का?

खर्जप्रिय

नमस्कार. माझ्याजवळ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा एक इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आहे. तो दर चॅनलला साधारण चाळीस वॉट देतो आणि त्यात रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो विभागही आहे. त्याच काळातले टू-वे स्पीकर त्याला जोडलेले असून त्यांच्या क्रॉसओव्हरमधले (खर्ज वूफरकडे आणि वरची पट्टी ट्वीटरकडे वाटून देणाऱ्या सर्किटातले) नॉन-पोलर, म्हणजे ध्रुवता नसलेले, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कारखान्यातून आले तसेच अजून आहेत. अलीकडे वरच्या पट्टीतला आवाज बोथट आणि खर्ज काहीसा सैल वाटू लागला आहे, शिवाय संगीत थांबलेले असताना वूफरजवळ कान नेला तर बारीक गुणगुण ऐकू येते.

सर्व्हिस मॅन्युअल माझ्याकडे आहे, सोल्डरिंग व्यवस्थित येते, मल्टिमीटर आणि ईएसआर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध) मोजणारा मीटर ही दोन्ही उपकरणे हाताशी आहेत. प्रश्न असे की, सगळेच इलेक्ट्रोलिटिक सरसकट बदलावेत की निवडून? ‘ऑडिओ ग्रेड’ म्हणून मिळणारे कपॅसिटर खरोखर वेगळे ऐकू येतात का? वीजपुरवठ्यातले मोठे फिल्टर कपॅसिटर मूळच्या ६८०० मायक्रोफॅरडऐवजी बरेच मोठे घातले तर खर्ज घट्ट होईल का? आणि प्रत्येक इलेक्ट्रोलिटिकला छोटा फिल्म कपॅसिटर समांतर जोडण्याची जी पद्धत सांगितली जाते, तिला काही आधार आहे का? उपकरण नुसते दुरुस्त करण्यापेक्षा आवाजाची बारकाईने जुळवणी करण्याची माझी इच्छा आहे, म्हणून हे सविस्तर विचारतो आहे.

ओहमकर

आपण कपॅसिटरची नावे आणि ग्रेड यांपासून सुरुवात केली आहे. मी ती सर्किटातल्या त्याच्या जागेपासून करीन. एकच १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एका ठिकाणी ऐकू येणारा फरक करतो आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच करत नाही. म्हणून मॅन्युअलमधला नकाशा समोर घेऊन प्रत्येक कपॅसिटरवर वीजपुरवठा, कपलिंग (डीसी अडवून सिग्नल पुढे नेणारे), फीडबॅक (आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत नेणारे), टोन किंवा फोनोची जुळवणी, आणि स्थैर्य राखणारे पिकोफॅरडमधले छोटे कपॅसिटर अशी खूण करावी, आणि मगच काय बदलायचे ते ठरवावे.

शेवटच्या प्रकाराबद्दल आधीच सांगतो, कारण तिथे नुकसान सर्वांत महाग पडते. पॉवर विभागात ट्रान्झिस्टरच्या आसपास १० ते १०० पिकोफॅरडचे जे छोटे सिरॅमिक किंवा मायका कपॅसिटर असतात, ते आवाज घडवण्यासाठी ठेवलेले नसतात. ॲम्प्लिफायर स्वतःच उच्च वारंवारतेवर दोलन पावू नये म्हणून ते तिथे असतात. त्यांचे मूल्य बदलले आणि दोलन सुरू झाले, तर कानाला काहीच ऐकू न येता ट्वीटर जळू शकतो. त्यांना हात लावू नये.

कपलिंग कपॅसिटर आणि त्याच्या पुढचा रोध मिळून एक हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक सीमेखालच्या वारंवारता कमी करणारी गाळणी, तयार होतो. २.२ मायक्रोफॅरड आणि ४७ किलोओहम धरल्यास त्याची सीमा सुमारे १.५ हर्ट्झवर येते, म्हणजे श्राव्य पट्ट्यापासून पुरेशी दूर. आता अनेक जण काय करतात, तर २.२ चा भारी फिल्म कपॅसिटर त्या जागेत मावत नाही म्हणून ०.२२ चा बसवतात. मग सीमा १५ हर्ट्झवर सरकते, २० हर्ट्झवर दोन डेसिबलची घट होते आणि ‘फिल्म कपॅसिटरने खर्ज आटोपशीर झाला’ असे सांगितले जाते. तो आटोपशीरपणा खरा असतो, पण तो मूल्यातून आलेला असतो. फिल्मशी त्याचा संबंध नसतो.

त्याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती मला फार उपयोगी वाटते. इलेक्ट्रोलिटिकमधून येणारे डिस्टॉर्शन मुख्यतः त्याच्या दोन टोकांमध्ये किती सिग्नल व्होल्टेज पडते यावर अवलंबून असते. टोकांमध्ये काहीच पडत नसेल, तर विकृत होण्यासारखे तिथे काही उरत नाही. आपल्या पॉवर विभागाच्या फीडबॅकमध्ये १ किलोओहमच्या रोधासोबत ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक असेल, तर २० हर्ट्झवर त्याच्यावर रोधाच्या सुमारे १७ टक्के इतके व्होल्टेज पडते. तिथे २२० मायक्रोफॅरड घातले, तर हेच प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या जवळ येते. साधा, चांगल्या मालिकेतला मोठा इलेक्ट्रोलिटिक त्या जागी लहान ‘ऑडिओ ग्रेड’ कपॅसिटरपेक्षा सरस ठरतो. मात्र सीमा खाली नेल्यामुळे ॲम्प्लिफायर सुरू केल्यावर स्थिर व्हायला जरा जास्त वेळ लागतो, तेव्हा स्पीकर जोडणाऱ्या रिलेला पुरेसा विलंब आहे ना, हे पाहावे.

सिग्नलच्या वाटेवरचे ०.४७ ते १ मायक्रोफॅरडचे छोटे इलेक्ट्रोलिटिक मात्र मी निःसंकोच पॉलिएस्टरच्या चौकोनी फिल्म कपॅसिटरने बदलतो. पाय पाच मिलिमीटर अंतरावर असलेले हे कपॅसिटर जुन्या छिद्रांत सहसा बसतात, वाळत नाहीत, आणि त्यांना ध्रुवता नसल्याने उलटे बसण्याचा प्रश्नच येत नाही. बोटाएवढ्या जाडीचे, लांबलचक पायांनी लटकवलेले पॉलिप्रोपिलीन कपॅसिटर प्रीॲम्प्लिफायरमध्ये घालणे मला पटत नाही. एवढा मोठा धातूचा पृष्ठभाग आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ॲंटेनासारखा उचलतो.

वीजपुरवठ्याबद्दल. ५० हर्ट्झच्या विजेवर पूर्ण ब्रिज रेक्टिफायर असेल, तर दर दहा मिलिसेकंदांनी फिल्टर कपॅसिटर भरला जातो. २ अँपिअर घेतले जात असताना ६८०० मायक्रोफॅरडवर वाईटात वाईट सुमारे तीन व्होल्टचे चढउतार होतील, १०,००० वर दोन व्होल्ट. हा फरक स्वागतार्ह आहे आणि आजचे कपॅसिटर आकाराने लहान झाल्यामुळे १०,००० मायक्रोफॅरड जुन्या जागेत मावतातही. पण ४७,००० वर उडी घेतली, तर ट्रान्सफॉर्मर तोच राहतो, आणि कपॅसिटर मात्र प्रत्येक फेरीत अधिक अरुंद व अधिक तीव्र झोतात भरू लागतो. रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मर तापतात, सुरू करताना फ्यूज उडतो, आणि त्या तीव्र झोतांचा गुरगुराट ग्राउंडच्या वाटेने सिग्नलमध्ये शिरण्याची शक्यता वाढते. मूळ मूल्याच्या दीडपटीपर्यंत जावे, व्होल्टेज एक पायरी वर घ्यावे आणि तिथे थांबावे.

मोठ्या इलेक्ट्रोलिटिकला ०.१ चा फिल्म समांतर लावून मुख्य फिल्टरपाशी मला कधी मोजता येण्याजोगा फायदा दिसलेला नाही. उलट फिल्मची धारिता आणि इलेक्ट्रोलिटिकच्या पायांचे इंडक्टन्स मिळून एका ठरावीक वारंवारतेवर अनुनाद उभा राहू शकतो, जो पूर्वी इलेक्ट्रोलिटिकच्या स्वतःच्या ईएसआरमुळे दबलेला होता. डिकपलिंगचा, म्हणजे वीजपुरवठ्यातले झटपट चढउतार शोषणारा, छोटा कपॅसिटर आयसीच्या पायालगत हवा. तारेच्या दुसऱ्या टोकाला त्याचा काही उपयोग नाही. याच कारणाने काही लो-ड्रॉपआउट रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीच्या) पुढे अतिशय कमी ईएसआरचा कपॅसिटर लावणे धोक्याचे असते, कारण त्यांना स्थिर राहण्यासाठी थोडा ईएसआर लागतो.

कानसेन

ओहमकर यांची आकडेमोड बिनचूक आहे, परंतु तिच्यातून ‘मूल्य तेच असेल तर सगळे कपॅसिटर सारखेच’ असा जो सूर निघतो, तो मला मान्य नाही. इलेक्ट्रोलिटिक, पॉलिएस्टर आणि पॉलिप्रोपिलीन यांचे डायइलेक्ट्रिक (दोन पट्ट्यांमधले विद्युतरोधी साहित्य) वेगळे आहेत आणि हा काही कवीचा भेद नाही. पॉलिप्रोपिलीनचा डिसिपेशन फॅक्टर (कपॅसिटरमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचे माप) १ किलोहर्ट्झवर पॉलिएस्टरच्या सुमारे दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी असतो. विद्युतभार काढून घेतल्यावर कपॅसिटर जो थोडा भार ‘आठवणीत’ ठेवतो, तो पॉलिप्रोपिलीनमध्ये एक टक्क्याच्या शतांश भागांत मोजावा लागतो, तर इलेक्ट्रोलिटिकमध्ये कित्येक टक्के असू शकतो. सिरॅमिकमध्ये तर एक्स७आर वर्गाचे कपॅसिटर व्होल्टेजप्रमाणे आपली धारिता बदलतात आणि हादऱ्यांनी सिग्नल निर्माण करतात. सी०जी वर्गाचे मात्र उत्तम वागतात. तेव्हा साहित्याला काही अर्थच नाही असे म्हणता येणार नाही.

मी माझ्या प्रीॲम्प्लिफायरमध्ये सामान्य इलेक्ट्रोलिटिकऐवजी विभाजक कागदात रेशमाचे तंतू असलेले एल्नाचे सिल्मिक-२ वापरले आहेत आणि गायकाच्या आवाजातला एक प्रकारचा कोरडेपणा त्यामुळे कमी झाल्याचे मला स्पष्ट जाणवले. हे मी मोजलेले नाही, ऐकलेले आहे. ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप करायचा ती ऐकण्याचीच गोष्ट आहे, हेही लक्षात असू द्यावे.

ओहमकर

साहित्याचे गुणधर्म वेगळे आहेत, यावर माझा काहीच वाद नाही. एक्स७आर सिग्नलच्या वाटेवर घालू नये हे मीही पहिल्या दिवसापासून सांगत आलो आहे. माझा मुद्दा एवढाच की, हे गुणधर्म आवाजात उतरण्यासाठी कपॅसिटरच्या टोकांमध्ये व्होल्टेज पडावे लागते. फोनोच्या जुळवणीत आणि स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये ते भरपूर पडते, म्हणून तिथे पॉलिप्रोपिलीनवर खर्च करणे शहाणपणाचे आहे. मोठ्या मूल्याच्या कपलिंग कपॅसिटरवर ते जवळजवळ पडतच नाही.

ऐकण्याबद्दल मात्र एक सुचवतो. जुने कपॅसिटर काढून, नवे बसवून, अर्ध्या तासाने पुन्हा ऐकले, तर आपण दोन कपॅसिटरची तुलना करत नसून एका आठवणीची आणि एका अपेक्षेची तुलना करत असतो. आधी फक्त एका चॅनलमध्ये बदल करावा, मोनो सिग्नल लावावा, दोन्ही चॅनलची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवावी आणि एकच स्पीकर आळीपाळीने दोन्ही चॅनलना जोडून दुसऱ्या कोणाला तरी अदलाबदल करायला सांगावे. पातळी जुळवणे अत्यावश्यक आहे, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी ‘अधिक स्पष्ट’ वाटतो. याहून काटेकोर उपाय म्हणजे दोन्ही चॅनलचे आउटपुट एकाच वेळी ध्वनिमुद्रित करून एकातून दुसरे वजा करणे. उरलेल्या सिग्नलमध्ये काय आहे ते कानाने ऐका आणि मग ठरवा.

नवे फिल्म कपॅसिटर शेकडो तास ‘मुरावे’ लागतात, या समजुतीलाही मला आधार दिसत नाही. इलेक्ट्रोलिटिकमध्ये मात्र थोडे तथ्य आहे. दीर्घकाळ पडून राहिल्याने त्याचा ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो आणि व्होल्टेज दिल्यावर तो पुन्हा तयार होऊन गळती कमी होते.

आयुष्याचा मुद्दा या चर्चेत कोणी काढला नाही, म्हणून तोही सांगतो. १०५ अंश सेल्सिअसला २००० तास असे लिहिलेला कपॅसिटर ६५ अंशांवर वापरला, तर दर दहा अंशांच्या घटीला आयुष्य दुप्पट या ढोबळ नियमाने सुमारे ३२,००० तास टिकतो. ८५ अंशांना १००० तास असे लिहिलेला तिथेच ४००० तासांवर येतो. ध्वनीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मालिकांपैकी बऱ्याच या दुसऱ्या प्रकारच्या असतात. कानसेन यांनी सांगितलेली मालिकाही त्यांतच मोडते. प्रीॲम्प्लिफायरच्या थंड पाटीवर ते चालून जाईल, उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकला खेटून मात्र ते घालू नयेत.

तापलेलीकाच

प्रश्न ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरचा आहे, तरी व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरवाले वाचक हा धागा वाचून उत्साहाने कामाला लागतील, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. रेक्टिफायर व्हॉल्व्हनंतरच्या पहिल्या कपॅसिटरला वरची मर्यादा असते. जीझेड३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हसाठी ती ६० मायक्रोफॅरड आहे आणि ती ओलांडली तर व्हॉल्व्ह सुरू होतानाच ठिणग्या पाडून निकामी होऊ शकतो. दुसरे असे की, जुन्या कागदी कपलिंग कपॅसिटरमधून होणारी थोडीशी डीसी गळतीदेखील आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पोहोचून त्याची प्लेट लालबुंद करते. तिथे आवाज सुधारणे हा गौण हेतू असतो. ट्रान्सफॉर्मर वाचवणे हा मुख्य.

खर्जप्रिय

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे आधी मोजमाप केले. फिल्टर कपॅसिटरची धारिता छापील मूल्याच्या दहा टक्क्यांच्या आत निघाली आणि ईएसआरही कमी आहे. त्यांच्या बुडाशी तपकिरी चिकट पदार्थ दिसतो, तो इलेक्ट्रोलाइट गळल्यामुळे आहे की काय, अशी शंका वाटते. गुणगुण मात्र केवळ फोनो निवडल्यावरच ऐकू येते, हे पूर्वी माझ्या लक्षात आले नव्हते.

क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर एक पाय सुटा करून तपासले. ट्वीटरच्या मालिकेतला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डाव्या स्पीकरमध्ये ६.१ दाखवतो आणि त्याचा ईएसआर २.१ ओहम आहे. उजव्या बाजूला हेच आकडे ५.२ आणि १.४ असे आहेत. ट्वीटर आठ ओहमचा आहे. तिथे पॉलिप्रोपिलीन घालावे असे ठरवतो आहे. आणखी एक विचारायचे म्हणजे, फोनोच्या इनपुटवर जो २२० पिकोफॅरडचा कपॅसिटर आहे, तोही दर्जेदार घालावा का?

ओहमकर

बोथटपणाचे कारण आपल्याला सापडले आहे, असे हे आकडे सांगतात. आठ ओहमच्या ट्वीटरच्या मालिकेत २.१ ओहम आले, म्हणजे डाव्या बाजूला सुमारे दोन डेसिबल आणि उजव्या बाजूला १.४ डेसिबल आवाज वाटेतच हरवतो. शिवाय ४.७ मायक्रोफॅरडला जी सीमा ४.२ किलोहर्ट्झच्या आसपास असायला हवी, ती ६.१ हा आकडा खरा धरल्यास डाव्या बाजूला ३.३ वर उतरते. दोन्ही बाजू एकमेकींपासून वेगळ्या झाल्याने मधोमध उभे राहणारे गायकाचे चित्रही नक्कीच पसरट झाले असेल. वय झालेला नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक छापील मूल्यापेक्षा जास्त दाखवतो हे पाहून गोंधळू नये. त्याची अंतर्गत गळती वाढली की मीटर फसू शकतो आणि आकडा फुगतो, म्हणून ६.१ ला खात्रीची धारिता न मानता बिघाडाची खूण मानावे.

पॉलिप्रोपिलीन जरूर घालावे, पण त्याचा ईएसआर जवळजवळ शून्य असतो, आणि स्पीकर घडवणाऱ्याने नव्या इलेक्ट्रोलिटिकचा थोडा रोध गृहीत धरूनच ट्वीटरची पातळी ठरवलेली असते. म्हणून त्याच्या मालिकेत ०.४७ ओहमचा, पाच वॉटचा रोध ठेवावा. त्याने अर्धा डेसिबल परत कमी होतो. तो काढून आणि घालून ऐकावे. आपल्याला हवी असलेली ‘बारकाईची जुळवणी’ ती हीच आहे, आणि ती कपॅसिटरच्या नावापेक्षा या छोट्या रोधाने अधिक नेमकी करता येते. दोन्ही स्पीकरसाठी मोजून सारख्या मूल्याची जोडी निवडावी. पाच टक्क्यांच्या कपॅसिटरमधूनही एक टक्क्याच्या आत जुळणारी जोडी सहज मिळते.

तपकिरी पदार्थ बहुधा डिंक आहे. मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून तो त्या काळी सर्रास वापरत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो वीजवाहक आणि गंजकारक बनतो, तेव्हा फिल्टर चांगले असले, तरी डिंक पूर्ण खरवडून काढावा आणि त्याखाली दबलेले रोध व तारा तपासाव्यात. फिल्टर आत्ता बदलण्याची गरज मला दिसत नाही.

गुणगुण फक्त फोनोवर येत असेल, तर मुख्य फिल्टरला दोष देता येत नाही. रेकॉर्ड प्लेअरची ग्राउंडची तार आणि तिचा स्क्रू आधी पाहावा. मुख्य फिल्टर थकले की १०० हर्ट्झची गुणगुण सगळ्याच इनपुटवर येते. ५० हर्ट्झची जाड गुणगुण ग्राउंडच्या वेटोळ्यातून किंवा तारांनी बाहेरून उचललेली असते. निवडीच्या स्विचचे संपर्क आणि स्पीकर रिलेही साफ करून घ्यावेत, कारण त्यांच्या काळवंडण्याचा आरोप कपॅसिटरवर येतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

फोनोच्या इनपुटवरचा २२० पिकोफॅरड ही आपल्या प्रश्नातली सर्वांत रंजक जागा आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचे (रेकॉर्डवरून सिग्नल उचलणाऱ्या, सुई असलेल्या भागाचे) इंडक्टन्स आणि त्याच्यासमोरची एकूण धारिता मिळून वरच्या पट्टीत एक उंचवटा तयार होतो. कार्ट्रिज ५०० मिलिहेन्रीचे धरल्यास एकूण २५० पिकोफॅरडला हा उंचवटा सुमारे १४ किलोहर्ट्झवर असतो आणि ४०० पिकोफॅरडला ११ किलोहर्ट्झच्या जवळ येतो. या एकूणात टोनआर्मच्या आणि बाहेरच्या तारेची धारिताही मोजावी लागते, आणि ती शंभर पिकोफॅरडच्या वर सहज जाते. म्हणजे आपल्या सर्किटात २२० अधिक तार मिळून आधीच तीनशेच्या पुढे गेलेले आहे. कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात किती धारिता सुचवली आहे ते पाहून मूल्य ठरवावे. १५० ते २०० सुचवलेले असेल, तर २२० च्या जागी ४७ पिकोफॅरड घालून ऐकावे. इथे पॉलिस्टायरीन किंवा सी०जी सिरॅमिक पुरेसे आहे.

त्याच विभागात आरआयएए जुळवणीचे, म्हणजे रेकॉर्ड बनवताना बदललेला खर्ज आणि वरच्या पट्टीचा समतोल पूर्ववत करणारे, कपॅसिटर असतील. ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद या तीन कालांकांवर सारी रचना उभी असल्यामुळे तिथे अडीच टक्के किंवा त्याहून कमी फरकाचे पॉलिप्रोपिलीन घ्यावे आणि डावी-उजवी जोडी जुळवावी. कानसेन म्हणतात तो डायइलेक्ट्रिकचा फरक कुठे शोधायचाच असेल, तर तो याच जागी शोधावा.

काम करण्यापूर्वी मोठे फिल्टर रोधातून रिकामे करावेत. २२० ओहमचा दहा वॉटचा रोध अर्धा मिनिट लावला तरी पुरते. तो काढल्यावर मीटरने पुन्हा पाहावे, कारण थोडे व्होल्टेज आपोआप परत चढते. विजेच्या प्रवेशाजवळ असलेला गाळणीचा कपॅसिटर बदलायचा झाल्यास तो केवळ एक्स२ किंवा वाय२ या सुरक्षा-वर्गाचाच (थेट विजेच्या जोडणीसाठीचा), जिथे जो असेल तोच, घालावा. तिथे दुसऱ्या कोणत्याही फिल्म कपॅसिटरने काम भागवणे म्हणजे आगीला वाट करून देणे आहे. प्रथम सुरू करताना सिरीज बल्बमधून, म्हणजे दोष असल्यास प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या मालिकेतल्या बल्बमधून, वीज द्यावी आणि स्पीकर जोडण्यापूर्वी आउटपुटवरचे डीसी व्होल्टेज ५० मिलिव्होल्टच्या आत आहे, याची दोन्ही चॅनलवर खात्री करावी.

कानसेन

ट्वीटरच्या मालिकेत छोटा रोध ठेवून ऐकण्याची सूचना मला आवडली. त्यात एक भर घालतो. ०.४७ सोबत ०.३३ आणि ०.६८ ओहमचेही रोध हाताशी ठेवावेत, आणि नेहमीच्या जागी बसून, ओळखीच्या गायकाचे एकच ध्वनिमुद्रण ‘स’ आणि ‘श’ या वर्णांवर लक्ष ठेवून ऐकावे. ते वर्ण खरखरीत न होता जिथे स्पष्ट राहतात, ते मूल्य कायम करावे. फोनोचे काम त्यानंतर घ्यावे. दोन्ही एकदम बदलले, तर कोणत्या बदलाने काय घडले हे सांगता येणार नाही.